अठ्ठावीसनंतर एकदम तीस

१ मार्च, रविवार

प्रिय बुटके,

अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. बाबांची तब्येत वयाच्या मानाने बरी आहे. कानांनी आणखी कमी ऐकू येतं, पण ज्या गोष्टी ऐकायच्या नसतात त्याच नेमक्या ऐकू येतात. तू आणि तुझी छोटी मजेत असाल.

असं लिहायचं असतं म्हणून लिहिलं. मजेत असाल की नाही मला काय माहीत? अकरा वर्षांत मी विचारलेलं नाही आणि तू सांगितलेलं नाहीस.

तुझं कार्ड शुक्रवारी मिळालं. एवढ्या वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं आणि कार्डावर ओळ केवढी, तर एक. "ताई, अठ्ठावीसनंतर एकदम तीस? एकोणतीस कुठे गेला?" ना नमस्कार, ना सही. सहीची गरज नव्हती म्हणा, तुझा 'ठ' अजून फुगलेलाच आहे. मागे पत्ता मात्र नीट लिहिलास. म्हणजे उत्तर हवं आहे.

तर तू माझं सदर वाचतेस. छान. गेल्या ऑगस्टपासून दर रविवारी लिहिते, आठवड्याला एक आकडा, एकपासून सुरुवात. लोक म्हणतात, बाई आकड्यांशी बोलतात. माणसांशी बोलायची वेळ आली की बाईंची दातखीळ बसते, हे लोकांना माहीत नाही. एकोणतीस गाळला तेव्हा संपादकांचा फोन आला, "मॅडम, मधला एक आकडा राहिलाय का?" मी म्हटलं, "फेब्रुवारी चालू आहे, यंदा एकोणतीस नसतो." ते इतके हसले की तेच वाक्य त्यांनी चौकटीत छापलं. चारपैकी तीन वर्षं कॅलेंडरवाले हा आकडा गाळतात, त्यांना कोणी कार्ड टाकत नाही. मला तेवढं टाकलंस.

लिहायला काही नव्हतं म्हणून गाळला असं समजू नकोस. वहीत सात पानं भरली आहेत. एकोणतीस मूळ संख्या आहे, एक आणि स्वतः सोडून कोणाच्याही भागाकारात बसत नाही. दोन, तीन, चार यांच्या वर्गांची बेरीज एकोणतीस, करून बघ. एका अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंत साधारण साडेएकोणतीस दिवस जातात, आणि शनीला सूर्याभोवती एक फेरी मारायला जवळपास साडेएकोणतीस वर्षं लागतात. तांब्याचा अणुक्रमांक एकोणतीस. हे मला कॉलेजात कळलं तेव्हा मी धावत घरी येऊन बाबांना सांगितलं होतं, की बाबा, तुम्ही जन्मभर पंख्या-मोटारींत जे गुंडाळत आलात त्याचा नंबर एकोणतीस आहे. ते म्हणाले, "कोणत्या गिऱ्हाइकाचा?"

आणि सगळ्यांत गमतीची गोष्ट. एकोणतीस वेळा दोन मांडून त्यांचा गुणाकार केला तर उत्तर येतं त्रेपन्न कोटी अडुसष्ट लाख सत्तर हजार नऊशे बारा. नऊ अंकी संख्या आणि एकही अंक दुसऱ्यांदा आलेला नाही. शून्य ते नऊ या दहांतला फक्त एक गैरहजर आहे, चार. तो कुठला हे गुणाकार न करतासुद्धा, नुसत्या नऊने भागल्यावरच्या बाकीवरून, काढता येतं. मी वर्गात मुलांना हे करून दाखवते. कोण आलेलं नाही ते उरलेल्यांच्या बेरजेवरून ओळखायचं. मुलं टाळ्या वाजवतात.

मग का नाही लिहिलं? कारण त्या आकड्याबद्दल लिहायचं तर आधी त्याच्या नावाबद्दल लिहावं लागतं. एकोणतीस म्हणजे तीसला एक उणा. आपल्या भाषेत एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत आठ आकडे आहेत ज्यांना स्वतःचं नावच नाही. पुढच्याला किती कमी पडतो, तेवढ्यावर त्यांची ओळख. एका नव्याण्णवने काय ते स्वतःचं नाव मिळवलं. आणि हे असं बारीक अक्षरात लिहायला घेतलं की मला आपली पुढची खोली दिसते, बाबांचा वाइंडिंगचा बाक, भिंतीवर खुंट्यांना लावलेली तारेची रिळं, आणि स्टुलावर चढलेली तू.

तू सात वर्षांची होतीस. बाबांनी हाक मारली, "एकोणतीस नंबरची तार आण." तू आणलीस एकोणचाळीस. एकोणतीसमध्ये तुला तीस ऐकू आलं, आणि एकोणला नऊ असतात हे मीच शिकवलेलं, म्हणून तीन आणि नऊ. रिळाच्या चिठ्ठीवर तीन आणि नऊ शोधून आणलंस बिचारीने. नंबर वाढला की तार बारीक, ती तर केसाएवढी. बाबा म्हणाले, "पंखा भरायचाय का बाहुलीची वेणी घालायचीय?" आई हसून हसून खाली बसली. त्या दिवसापासून तुझं नाव एकोण. बुटकी हे माझं, एकोण हे बाबांचं. पाहुणे आले की बाबा मुद्दाम विचारायचे, "एकोण, एकोणसाठ लिहून दाखव." तू सहावर नऊ लिहायचीस आणि सगळे हसायचे. मी सगळ्यांत मोठ्याने. मला गणितात पैकीच्या पैकी मिळायचे ना.

पण तुला मार्ग मीच काढून दिला, हेही खरं. आठवतं? तू रडत होतीस आणि मी म्हटलं, "एकोण ऐकू आलं की लाजायचं नाही. समोरच्याला सुटे अंक विचारायचे. दोन-नऊ का तीन-नऊ? एवढं विचारलंस की तू कधी चुकणार नाहीस." तू ते इतकं पाळलंस की औषधाच्या दुकानात कामाला लागलीस तेव्हा मालक म्हणायचे, ही पोरगी प्रत्येक आकडा सुटा करून घेते, डोकं खाते, पण हिच्या हातून चूक होत नाही.

आता तू म्हणशील, ताई गोल गोल फिरते आहे. फिरते आहे. तू एका ओळीत विचारलंस म्हणून मी एका ओळीत सांगावं असं थोडंच आहे?

बरं, सांगते. त्या सकाळी डॉक्टरांचा फोन मला आला. मी शाळेत, शिक्षकांच्या खोलीत होते. ते म्हणाले, आईच्या रक्तातली साखर जास्त आली आहे, आजपासून इन्सुलिन सव्वीसऐवजी एकोणतीस युनिट द्या. मी घरी फोन लावला. इंजेक्शन तू द्यायचीस, आईला दुसऱ्या कोणाचा हात चालायचा नाही. मी तुला सांगितलं, "एकोणतीस दे." एकोणतीसच म्हटलं. आज विचारलंस, झोपेतून उठवून विचारलंस तरी मी हेच सांगेन, कारण ते खरं आहे. तू एकोणचाळीस दिलंस. आई नेहमीसारखी दोन घास खाऊन उठली. अकरा वाजता ती खुर्चीत बसल्या बसल्या घामाने भिजली आणि तिची शुद्ध हरपली. चौथ्या दिवशी गेली.

मी एकोणतीस म्हटलं होतं. या एका वाक्यावर मी अकरा वर्षं काढली.

आणि खरं सांगू, मला तुझाही राग आहे. बाबा दवाखान्याच्या व्हरांड्यात सगळ्यांसमोर म्हणाले, "पुन्हा एकोण! शेवटी आईलाच!" आणि तू मान खाली घालून उभी राहिलीस. ओरडली का नाहीस? मला धरून गदागदा हलवलं का नाहीस? बाबांनी घरात पाऊल टाकू नकोस म्हटलं आणि तू पिशवी भरून निघालीस, जणू वाटच बघत होतीस. मागे कोण उरलं? मी. बाबांचं पथ्यपाणी, बाबांचे कान, बाबांचा बाक. रिळांवरची धूळ झटकायची पण रीळ हलवायचं नाही. त्यांच्यासमोर तुझं नाव काढायचं नाही. तू सुटलीस, असं मी म्हणायचे. मनात नाही, मोठ्याने म्हणायचे, मावशीजवळ.

मावशीनेच मग एकदा माझं तोंड बंद केलं. म्हणाली, "सुटली म्हणतेस? दुकानाची नोकरी तिने त्याच आठवड्यात सोडली. आता बाह्या शिवते. पोरीला ताप आला तर औषधाची बाटली घेऊन शेजारणीच्या दारात उभी राहते, की तुम्ही माप घाला, माझ्या हाताला नको. अर्धा चमचा औषध गं! त्याला शेजारीण!" ही गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. ऐकून मी काय केलं असेल? घरी आले आणि उत्तरपत्रिका तपासल्या.

तू विचारलं होतंस.

हे लिहायला मला इतकी पानं लागली. तू विचारलं होतंस, बुटके. मी एकोणतीस म्हटल्यावर फोनवर जरा थांबलीस आणि विचारलंस, "तीन-नऊ ना, ताई?" मी शिकवलं होतं तसंच, सुटे अंक. आणि मी "हो" म्हटलं. व्हरांड्यात तू बाबांना हे सांगितलंस, "मी विचारलं होतं, ताई हो म्हणाली," आणि मी तुझ्या डोळ्यांत बघून म्हटलं, "काही विचारलं नव्हतंस." त्यानंतर तू पुन्हा तोंड उघडलं नाहीस.

पण त्या "हो"चीही एक गोष्ट आहे, ती ऐक. त्याच वेळी मुख्याध्यापिका खोलीत आल्या. त्यांच्या हातात पत्र होतं, पहिलीच्या गणिताच्या नव्या पुस्तकासाठी माझी निवड झाल्याचं. आकड्यांची नावं मुलांना कशी शिकवावी, हा धडा मी लिहायचा होता. सगळ्या बायका माझ्याभोवती जमल्या. कोणीतरी विचारलं, "चहा मागवू ना?" आणि मी म्हटलं, "हो." तो "हो" चहाला होता. तुझ्या कानाला फोन होता म्हणून तो तुला ऐकू गेला. दोष कोणाचाच नाही. वेळेचा.

इथे थांबते. बाबांची जेवायची वेळ झाली.

४ मार्च, बुधवार

पत्र टाकलं नाही. पाकीट चिकटवलं, पत्ता लिहिला, पेटीपर्यंत गेले आणि परत आले. वाटेत पावलापावलाला तो चहा आडवा येत होता. बुटके, चहाची गोष्ट मी इतक्या वेळा स्वतःला सांगितली आहे की मला त्याचा वासही येतो. कपाचा टवका उडालेला दिसतो. फक्त ती खरी नाही. चहा नंतर आला, मी फोन ठेवल्यावर.

तू विचारलंस, "तीन-नऊ ना, ताई?" आणि मी, डोळे त्या पत्रावर, चिडून म्हटलं, "हो गं बाई, हो, तीन-नऊ. आता एवढं तरी नीट कर." अंक माझ्या तोंडून गेले. चहाला कोणी तीन-नऊ म्हणत नाही.

तू काय विचारते आहेस ते मी ऐकलंच नाही. तू विचारणार, मी हो म्हणणार, हे ठरलेलंच होतं इतक्या वर्षांचं. तू पुन्हा काहीतरी बावळटासारखं विचारते आहेस एवढंच माझ्या डोक्यात होतं. वर ते पुस्तक लिहिलं मी. हजारो पोरं माझ्या धड्यावरून एकोणतीस लिहायला शिकली. पानाच्या तळाला एक सूचनाही घातली आहे, "शंका आल्यास सुटे अंक विचारावेत." ही माझी अक्कल.

काल सकाळी बाबांना सांगितलं. ते पेपर वाचत होते. मी समोर बसले आणि नेहमीच्या आवाजात सुरुवात केली, तर म्हणाले, "ऐकू येत नाही." मग ओरडून सांगावं लागलं. "तिने विचारलं होतं! मीच हो म्हटलं!" खिडक्या उघड्या होत्या, समोरची बाई कपडे वाळत घालता घालता थांबली. बाबा म्हणाले, "परत सांग." परत ओरडले. "परत सांग." तिसऱ्यांदा ओरडताना माझ्या लक्षात आलं की त्यांना पहिल्याच वेळी ऐकू गेलं होतं.

मग त्यांनी पेपरची घडी घातली. म्हणाले, "ती म्हणाली होती तेव्हा. विचारलं म्हणून."

मी म्हटलं, "हो."

"आणि मी तिला काय म्हटलं ते आठवतं तुला?"

मी मान हलवली.

ते आपल्या हातांकडे बघायला लागले. बोटं आता वळत नाहीत त्यांची, तार धरायची सवय मात्र जात नाही, अंगठा आपोआप चोळत राहतो. मला वाटलं, आता हात उचलतील, शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "तिचा नंबर दे." मी मावशीकडून आणलेला नंबर सांगायला लागले, तर म्हणाले, "असा नको. सुटा सुटा सांग." एकेक अंक मी ओरडायचा, त्यांनी पेपरच्या कडेला लिहायचा आणि मला उलट विचारायचा. दहा अंकांना किती वेळ लागला विचारू नकोस.

त्यांनी फोन लावला. घंटा वाजत राहिली. तू उचलला नाहीस. अनोळखी नंबर, कामाची वेळ, मशीनचा आवाज, काहीही असेल. तुला दोष देत नाही, या पत्रात तो शब्द मी पुरेसा वापरला. त्यांनी पुन्हा लावला. संध्याकाळी परत. आज सकाळपासून फोन मांडीवर ठेवून बसले आहेत आणि मला हात लावू देत नाहीत. माझ्याशी बोलणंही बंद आहे. ताट ठेवलं की जेवतात, ताट उचललं की तोंड फिरवतात. दीड दिवस झाला आणि मी घरात ठेच लागल्यासारखी फिरते आहे. तुझी अकरा वर्षं कशी गेली असतील, हा हिशेब मला आत्ता कुठे मांडता येतो आहे आणि तोही पुरा नाही.

बाबांच्या नंबरचे शेवटचे दोन अंक दोन-नऊ आहेत. योगायोग आहे, त्यात काही अर्थ शोधू नकोस, पण ओळखायला सोपं पडेल म्हणून सांगितलं. तो वाजला तर उचल. माझ्यासाठी नको, मी बोलणार नाही, बाजूच्या खोलीत जाऊन बसेन. ते एक्याऐंशीचे आहेत आणि तुला एक गोष्ट सांगायची त्यांना घाई झाली आहे. काय सांगायचं आहे ते मला सांगत नाहीत. फक्त हळू बोल आणि एकेक शब्द सुटा बोल, त्यांना घाईचं बोलणं कळत नाही.

छोटीच्या औषधाचं माप यापुढे तू घाल. तुझा हात कधीच चुकला नव्हता. हे मी तेव्हा म्हणायला हवं होतं आणि व्हरांड्यात म्हणायला हवं होतं. माफ कर असं लिहिणार होते, तीनदा लिहून खोडलं. माफी मागितली की समोरच्याला काहीतरी उत्तर द्यावं लागतं, आणि मी तुझ्याकडून अजून एकही उत्तर मागायच्या लायकीची नाही.

एकोणतीसवर सदर लिहिणार नाही. कोणी विचारलंच तर सांगेन, तो आकडा माझ्या बहिणीचा आहे, तिला विचारा.

त्या दिवशी कागदावर काहीच नव्हतं, म्हणून माझा शब्द राहिला आणि तुझा पडला. आता कागदावर घे. आधीची पानं फाडलीस तरी चालेल, एवढं मात्र ठेव, आणि छोटी मोठी झाली की तिला वाचायला दे.

त्या सकाळी मी फोनवर एकोणतीस म्हटलं. माझ्या बहिणीने मला विचारलं, "तीन-नऊ ना, ताई?" मी म्हटलं, "हो, तीन-नऊ." तिने विचारलं होतं. मी ऐकलं नाही, आणि नंतर खोटं बोलले.

लिहून देणार,
ताई